उलटं बेलपान

शुक्रवार पेठेत चांदीची डागडुजी करणारी दुकानं चार. त्यातलं रुद्राणी पांचाळचं सगळ्यात लहान, पण तिथं बसलेली बाई सगळ्यात बोलकी. पैंजणाची कडी बसवून होईस्तोवर ती गिऱ्हाइकाच्या घरातली लग्नं, दुखणी, जावाजावांची भांडणं सगळं काढून घ्यायची, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. चाळिशी गाठलेल्या, एकटीनं दुकान ओढणाऱ्या बाईला एवढी तरी करमणूक हवीच की.

त्या मंगळवारी मात्र तिची बोलती बंद झाली.

सकाळचे अकरा वाजले असतील. वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी घाईघाईनं पायरी चढून आली. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि काचेवर चांदीची एक डबी ठेवली.

"बिजागरी तुटलीय मावशी. तीनपर्यंत करून देता का? बाबांची हाय. काल सरकारी डोळ्याच्या दवाखान्यात आपरेशन झालं, आज सोडणार हायत. चारच्या गाडीनं केमला जायचंय आमाला."

ती लिंगाची करडगी होती. लिंगायताच्या घरी मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, ते या डबीत राहतं. माणूस गेला की लिंग आणि डबी त्याच्याबरोबर मातीत जातात. ज्याची त्याची स्वतःची. ना उसनी द्यायची, ना वारसानं घ्यायची.

"आणि लिंग गं?" रुद्राणीनं सवयीनं विचारलं.

"ते कापडात बांधून गळ्यातच हाय की. ते काय बाबा काडतात व्हय? डॉक्टरांशी भांडले त्याच्यावरनं."

रुद्राणी हसली, डबी उचलली आणि झाकण उजेडाला धरलं. झाकणावर तीन पानांचं बेलपान कोरलेलं होतं. देठ वर आणि पानं खाली. म्हणजे उलटं.

तिचं हसू जागच्या जागी राहिलं. हे पान तिनं ओळखलं होतं. ज्याच्या गळ्यात ही डबी होती तो माणूस तेवीस वर्षांपूर्वी मेला होता, आणि त्याचा खून केल्याचा ठपका तिच्या सख्ख्या भावावर होता.

"नाव काय लिहू?" तिनं विचारलं. आवाज आपलाच आहे ना, असं तिला वाटलं.

"शिवराज शेटे. केमला कुंकवाचा कारखाना हाय आमचा. मी रेश्मा."

रुद्राणीनं पावती फाडून तिच्या हातात दिली. पुढं दिवसभर ती या पावतीबद्दल स्वतःला शिव्या घालणार होती, पण त्या क्षणी तिच्या डोक्यात दुसरं काही मावतच नव्हतं. मुलगी गेली, आणि रुद्राणी ती उघडी डबी तळहातावर घेऊन बसून राहिली. आतल्या खोलीत तिची आई, रत्नम्मा, चिंच साफ करत बसली होती; ती बाहेर येऊन डबी बघेल अशी रुद्राणीला भीती वाटली.

गोष्ट अशी होती. हे दुकान तिच्या वडिलांचं, प्रभु पांचाळांचं. भाऊ सिद्धू त्यांच्या हाताखाली शिकला, आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्यानं पहिली करडगी केली ती बाळीवेशीतल्या मल्लव्वाच्या मुलाची, कल्लप्पाची. नक्षी काढताना पत्रा फिरला आणि बेलपान उलटं उतरलं. वडिलांनी सिद्धूला असा झोडपला की गल्ली गोळा झाली. पण मल्लव्वा म्हणाली, असू दे, पोराचं पहिलं काम आहे, माझ्या कल्लूला हीच चालेल. त्या दिवसापासून सिद्धू आणि कल्लप्पा एका ताटात जेवायचे.

पुढं कल्लप्पा एका सराफाकडं ड्रायव्हर लागला. एका उन्हाळ्यात सराफाचं चार किलो सोनं नाहीसं झालं. कल्लप्पा आणि सिद्धू दोघंही त्याच दिवशी नाहीसे झाले. दोन दिवसांनी अक्कलकोट रस्त्याला एक गाडी जळालेली सापडली, आत एक मुडदा. चेहरा राहिलेला नव्हता. पण गळ्यात करडगी होती, झाकणावर बेलपान होतं. लिंगायत माणूस जिवंतपणी डबी गळ्यातनं काढत नाही, तेव्हा हा कल्लप्पाच, यात कुणाला शंकाच आली नाही. पोलिसांना नाही, भाऊबंदांना नाही. मल्लव्वानं मुडदा ताब्यात घेतला आणि रीतीप्रमाणं माती दिली. मग उरला कोण? सिद्धू पांचाळ. मित्राला जाळून सोनं घेऊन पळालेला. वडील त्या धक्क्यानं वर्षाच्या आत गेले. रत्नम्मा खुन्याची आई झाली, रुद्राणी खुन्याची बहीण, आणि तिला बघायला आलेली तीन स्थळं गल्लीच्या तोंडावरनंच परत गेली.

आणि आता ही डबी. मातीत असायला हवी होती ती डबी काचेवर होती.

रुद्राणीला आणखी एक गोष्ट आठवली. सोनं जायच्या आठवडाभर आधी सिद्धूनं आणखी एक करडगी केली होती. कल्लप्पानंच सांगितली होती, पाहुण्याला द्यायची म्हणून. सतरा वर्षांच्या रुद्राणीनं ती स्वतः रिठ्याच्या पाण्यात घासून उजळली होती. तिच्यावरचं बेलपान सुलटं होतं. सिद्धू तीच चूक दुसऱ्यांदा कशाला करेल?

जळालेल्या माणसाच्या गळ्यातलं पान उलटं होतं की सुलटं? उलटं असेल तर ही डबी कुणीतरी थडगं उकरून आणलेली. सुलटं असेल तर कल्लप्पा मेलाच नव्हता. तो आज डोळ्याच्या दवाखान्यात पट्टी बांधून बसला होता, आणि मातीत दुसराच कुणीतरी होता.

तो दुसरा कोण, हे तिनं मनात पूर्ण उच्चारलं नाही. उठली, डबी कमरेला खोचली, आईला ओरडून सांगितलं, "अव्वा, सामान आणायला चाललेय," आणि स्कूटीला चावी लावली.

मातीच्या वेळी मुडद्याच्या गळ्यातली डबी जवळून बघितलेली एकच व्यक्ती जिवंत होती. तिच्या घरात पांचाळांपैकी कुणी तेवीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

मल्लव्वा पंचाहत्तरीची झाली होती. दोन खोल्यांच्या घरात एकटी. दारात रुद्राणीला बघून तिनं डोळे बारीक केले, ओळखलं, आणि दार लावायला हात उचलला. रुद्राणीनं डबी पुढं केली.

म्हातारीनं ती घेतली. डोळ्यांनी बघितलीच नाही. अंगठा झाकणावरनं फिरवला, देठापासून पानांकडं, वरून खाली. मग ती उंबऱ्यावरच बसली.

"जिता हाय?" तिनं विचारलं.

रुद्राणीला वाटलं होतं, म्हातारी चक्रावेल, रडेल, ही कुठं सापडली म्हणून विचारेल. यातलं काहीच झालं नाही. तिनं थेट शेवटचा प्रश्न विचारला होता, आणि तो ऐकून रुद्राणीला सगळं कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"पान सुलटं होतं यव्वा." मल्लव्वा खाली बघूनच बोलत होती. "मी धुतली की ती डबी माज्या हातानं. काळी झालती. घासली तर पान सुलटं निगालं. आत काय हाललं बी न्हाई, रिकामीच होती. मला कळलं, ह्यो माजा मगा न्हवं, माजं ल्येकरू न्हवं. मग कोन, ते बी कळलं. दोगंच तर गेलते."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बोलले असते तर माजा खुनी झाला असता. न्हाई बोलले म्हून तुजा झाला." तिनं मान वर केली. "तुज्या भावासाठी मी रडले. लई रडले. लोकांना वाटलं, माज्या पोरासाठी रडतीय. अजून बी दर वर्साला त्याच्या थडग्यावर जाते."

रुद्राणीचा हात उठला होता. म्हातारीच्या अंगावर टाकायला उठला होता, खोटं कशाला सांगा. तेवीस वर्षं. वडील गेले, आई वाकली, ती स्वतः या दुकानाच्या खोपटात म्हातारी व्हायला लागली, आणि ही बाई हे सगळं पोटात ठेवून रोज भाकरी थापत होती. तिनं हात खाली घेतला, कारण वेळ नव्हता.

"हे पोलिसांसमोर सांगाल?"

"सांगते. आता किती दिस ऱ्हायलेत माजे." मग म्हणाली, "पर त्यो कुटं हाय ते मला सांगू नगं. मी त्याला पळ म्हनून निरोप धाडंल. आई हाय मी."

एवढं खरं बोलणारी बाई एवढं मोठं खोटं कसं सांभाळू शकली, याचं रुद्राणीला नवल वाटलं. डबी तिच्या हातातनं काढून घेताना मात्र तिला जोर लावावा लागला.

रस्त्यावर येताच तिनं महेश्वरीला फोन लावला. महेश्वरी तिची शाळेतली मैत्रीण, आता फौजदार. अख्ख्या सोलापुरात खुन्याच्या बहिणीच्या घरी दिवाळीचा फराळ पाठवणारी ती एकटीच. रुद्राणीनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"डबीवर खटला उभा राहत नाही गं," महेश्वरी म्हणाली.

"थडगं आहे की. उकरा. माझ्या आईचं रक्त घ्या आणि तपासा कोण निघतंय."

"तू दवाखान्यात जाऊ नकोस. मी येते."

"मी पोचले," रुद्राणी म्हणाली. ती अजून दोन चौक लांब होती, पण फोन ठेवायला हेच बरं पडलं.

दवाखान्याच्या दालनात बाकांवर वीसेक माणसं एकसारखे काळे चष्मे लावून बसली होती. कुठल्या चष्म्यामागं कोण, देवाला ठाऊक. रुद्राणी एकेकाच्या तोंडात डोकावत चालली तेव्हा एका आजोबांनी "वाटीत पाणी आन गं सुनबाई" म्हणून तिचा हात धरला. एवढ्यात जिन्यावरनं रेश्मा पळत आली, रडकुंडीला आलेली.

"मावशी, तुमी हितं? बाबा दिसंनात. मी आवशदं आनायला गेले तेवढ्यात उठून गेले. डिस्चार्जचा कागद बी हितंच. एका डोळ्यावर पट्टी हाय हो त्यांच्या."

"जायच्या आधी काही बोलले?"

"काय न्हाई. करडगी कुटं टाकली म्हनले. म्या म्हनलं, शुक्रवार पेटेत. पावती वाच म्हनले. म्या वाचली की, प्रभु पांचाळ आणि मुलगा. तर गप झाले."

वडिलांच्या वेळचं ते पावतीपुस्तक. मुलगा तेवीस वर्षं नव्हता, तरी रत्नम्मानं नाव बदलू दिलं नव्हतं. एका ओळीनं पाखरू उडवलं होतं. रुद्राणीनं स्वतःला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली.

"चल, बस मागं."

"कुटं?"

"तुझे बाबा शोधायला."

हे खोटं नव्हतं. पण मागं बसून तिच्या कमरेला घट्ट धरणाऱ्या त्या पोरीची तिला पहिल्यांदा कीव आली, आणि तिनं ती तशीच गिळली. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. सिग्नलला टँकर आडवा, पुढं उसाचा रस पीत उभ्या रिक्षा, त्यांच्या मधनं रुद्राणीनं स्कूटी अशी काढली की एका पोलिसानं शिट्टी मारली आणि तिनं त्याला हात दाखवला. महेश्वरीचा फोन आला. रुद्राणी ओरडूनच बोलली, "स्टेशन! रेल्वे पोलिसांना सांग!"

"केमची गाडी चारला हाय मावशी, अजून लई येळ हाय," रेश्मा मागनं म्हणाली.

केमची गाडी. रुद्राणी विचार करायला लागली. घाबरलेला माणूस घरी जाईल का? घरचा पत्ता तर त्याच्या पोरीनं दुकानात सांगून टाकला होता. नाही, हा उलट्या दिशेला जाणार. कलबुर्गीकडं, जिथं कानडी बोलणाऱ्या माणसाला कुणी गाव विचारत नाही. तिनं स्टेशनात शिरताच फलक बघितला. कलबुर्गीकडं जाणारी गाडी फलाटावर लागलेली होती, सुटायला सहा मिनिटं.

दोघी पूल चढून पलीकडं धावल्या. गर्दी दाट होती. खरं सांगायचं तर इतकं जिवंत रुद्राणीला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. डबे बघत ती पुढं चालली. एक, दोन, तीन. मग तिला तो दिसला. पन्नाशीचा, जाडसर, पांढरा सदरा, काळा चष्मा. उन्हानं डोळे दिपत होते म्हणून एक हात डब्याच्या भिंतीला लावून तो चाचपडत दार शोधत होता. याच माणसानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून सिद्धेश्वराची जत्रा दाखवली होती.

तिनं हाक मारली असती तर तो गर्दीत नाहीसा झाला असता. तिनं कमरेची डबी काढून रेश्माच्या हातात दिली आणि म्हणाली, "त्यांना डबी दे."

"बाबा!" रेश्मा धावली. "असं न सांगता कुटं निगालात? ही घ्या तुमची करडगी."

तो पोरीच्या आवाजाला थांबला. तिला दवाखान्यात टाकून पळालेला माणूस, गाडी सुटायला आलेली, तरी त्याचा हात आपोआप पुढं आला, तळवा वर करून. डबी त्यात पडली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटली. त्याच क्षणी रुद्राणीनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"कल्लप्पा," ती म्हणाली.

तो हिसका देईल म्हणून तिनं पाय रोवले होते. त्यानं हिसका दिला नाही. "रुद्री?" तो हळू आवाजात म्हणाला.

"बाबा, ह्या कल्लप्पा कुनाला म्हनतात?"

गाडीनं भोंगा दिला. फलाटाच्या टोकाकडनं दोन खाकी शिपाई आणि त्यांच्या पुढं महेश्वरी, अशी तिघं गर्दी बाजूला सारत येत होती.

"मलाच म्हणतीय," तो पोरीला म्हणाला.

"सिद्धूनं काय केलं होतं तुझं?" रुद्राणीनं विचारलं. हा एकच प्रश्न तिनं तेवीस वर्षं सांभाळला होता, फक्त कुणाला विचारायचा ते माहीत नव्हतं.

"काही नाही. सोनं वितळवून दे म्हणालो, तर नाही म्हणाला. उद्या सकाळी सराफाला सांगतो म्हणाला. मला म्हणाला, तूही चल, मी तुझ्यासाठी हातापाया पडतो." त्याची मूठ डबीवर आवळली. "मी आधीच ठरवलं होतं रुद्री. डबी आधीच करून घेतली होती ना. त्याच्याचकडनं."

"मग ही का ठेवलीस? हीच त्याच्या गळ्यात घातली असतीस तर आज सुटला असतास."

"हातातनं सुटली नाही. लिंग त्या नव्या डबीत घालून बघितलं. मन धजेना. आईनं ते हिच्यातच बांधलेलं होतं."

महेश्वरीनं त्याचा दुसरा हात धरला. गाडी हलली, वेग घेत निघून गेली. रेश्मा बाकावर बसली होती, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि त्यातल्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवरची वेळ पुन्हा पुन्हा वाचत होती. रुद्राणी तिच्याशेजारी जाऊन बसली. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला, तो पोरीनं झटकला नाही, एवढंच.

साडेपाचला ती घरी आली. भाऊ निर्दोष होता, हे ओरडत गल्लीत शिरावं असं तिला वाटत होतं. पायरीवर येऊन ती अडकली. निर्दोष आहे असं सांगायचं तर मेला आहे हेही सांगावं लागणार होतं. खुनी म्हणून का होईना, आईच्या लेखी तो आतापर्यंत कुठंतरी जिवंत होता.

रत्नम्मा चिंचेची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. रुद्राणी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. डबी, मल्लव्वा, स्टेशन, सिद्धूचा नकार. सराफाला सांगतो म्हणालेला, मित्रासाठी हातापाया पडायला निघालेला. पुढं थडगं उकरणार, तुझं रक्त घेणार, हेही.

रत्नम्मा ऐकत राहिली. हात चिंचेतच होते. शेवटी तिनं एकच विचारलं, "तिनं माती दिली त्याला? रीतीनं?"

"हो. जंगम बोलावून. फुलं, विभूती, सगळं. दर वर्षी जाते म्हणे तिथं. अजून जाते."

"स्वतःचा म्हणून?"

"नाही अव्वा. तुझा आहे हे ठाऊक असून."

मग रत्नम्मा रडली. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता, गल्लीला ऐकू जाईल असं. रुद्राणीनं तिला थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं म्हातारी उठली, हात धुतले, खुंटीवरचं चांगलं लुगडं काढलं.

"कुठं निघालीस?"

"बाळीवेशीत. मला मल्लव्वाकडं ने." तिनं निऱ्या करायला घेतल्या. "आधी तिच्याशी भांडायचंय मला. लई भांडायचंय. मग तिच्या पाया पडायचंय."